एका कंप्रतेवरील अनेक नभोवाणी केंद्रे : सोलापूरची कक्षा आणि वैराग

सोलापूरहून बार्शीकडे जाणाऱ्या मार्गावर वैराग हे बाजारपेठेचे गाव आहे. सोलापूरपासून त्याचे सरळ रेषेतील अंतर सुमारे ४५ किलोमीटर भरते. आकाशवाणीच्या सोलापूर केंद्रास मध्यम लहरींच्या पट्ट्यात १६०२ किलोहर्ट्झ ही कंप्रता व १ किलोवॅट शक्तीचा प्रक्षेपक देण्यात आला होता. जिल्ह्याच्या नकाशाकडे पाहणाऱ्यास वैराग हे या केंद्राच्या हक्काच्या श्रोत्यांचे गाव वाटावे, यात नवल नाही. परंतु लहरींचा नकाशा हा जिल्ह्याच्या नकाशाशी जुळत नाही. इतकेच नव्हे, तर दिवसाचा लहरी-नकाशा रात्रीच्या लहरी-नकाशाशीही जुळत नाही. दिवसा सोलापूर केंद्राच्या कक्षेच्या काठावर असलेले वैराग सूर्यास्तानंतर त्या कक्षेच्या पुष्कळच बाहेर पडते. प्रक्षेपकाची शक्ती तीच, अंतर तेच आणि श्रोत्याचा संचही तोच असतो. बदल घडतो तो एवढाच की, त्याच कंप्रतेवर बोलणारी दूरची केंद्रे रात्री वैरागपर्यंत येऊन पोहोचतात. एकाच कंप्रतेवर अनेक केंद्रे का ठेवावी लागतात, ती एकमेकांना कशी बाधतात आणि त्या बाधेची किंमत नेमकी कोणाच्या वाट्यास येते, याचा विचार या एका उदाहरणाच्या आधाराने करता येण्यासारखा आहे.

प्रथम टंचाईचा हिशेब पाहू. कंप्रता म्हणजे लहरींच्या दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांची संख्या. युरोप, आफ्रिका, आशिया व ऑस्ट्रेलिया यांसाठी मध्यम लहरींच्या वाटपाची जी योजना जिनीव्हा येथील परिषदेत १९७५ मध्ये ठरली व २३ नोव्हेंबर १९७८ पासून अमलात आली, तिच्यात ५३१ पासून १६०२ किलोहर्ट्झपर्यंत नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतराने कंप्रता नेमून दिल्या आहेत. अशा एकूण पट्ट्या १२० होतात. प्रत्येक वाहक कंप्रतेस नऊने निःशेष भाग जातो, ही या योजनेची सहज ओळखू येणारी खूण होय : मुंबईची ५५८ व १०४४, पुण्याची ७९२, हैदराबादची ७३८, सोलापूरची १६०२. पृथ्वीच्या अर्ध्याहून अधिक भूभागासाठी पट्ट्या अवघ्या १२० आणि केंद्रे मात्र हजारो, अशी स्थिती असल्यावर एक पट्टी अनेकांनी वापरणे हा अपवाद राहत नाही, तोच नियम ठरतो. तेव्हा ‘दोन केंद्रांना एकच कंप्रता चुकून दिली गेली’ अशी जी समजूत पुष्कळदा आढळते, ती निराधार आहे. वाटप हेतुपुरस्सरच तसे केलेले असते. प्रश्न उरतो तो दोन सहभागी केंद्रांत अंतर किती ठेवावे आणि शक्ती किती द्यावी, एवढाच.

या १२० पट्ट्यांपैकी १४८५, १५८४ व १६०२ किलोहर्ट्झ या तीन पट्ट्या अल्पशक्तीच्या केंद्रांसाठी वेगळ्या काढलेल्या आहेत. त्यांवर १ किलोवॅटहून अधिक शक्ती वापरावयाची नाही, आणि त्या मर्यादेत राहणाऱ्या स्थानिक केंद्रांची दाटी मात्र होऊ द्यावयाची, असा हा करार आहे. सोलापूरची पट्टी या तिहींपैकी अखेरची, किंबहुना सबंध योजनेतीलच अखेरची होय. तीच पट्टी निलगिरीतील उदगमंडलम केंद्रासही १ किलोवॅट शक्तीवर मिळालेली होती. आणि भारताबाहेर जपानपासून स्पेनपर्यंत तिचे वाटेकरी होते. अमेरिकेत याच धर्तीवर १२३०, १२४०, १३४०, १४००, १४५० व १४९० किलोहर्ट्झ या सहा कंप्रता स्थानिक केंद्रांस दिलेल्या असून, त्यांतील प्रत्येकीवर शंभराहून अधिक केंद्रे आहेत. रात्री तेथे ऐकू येणाऱ्या कोलाहलामुळे त्या कंप्रतांना धंद्यातील लोक ‘स्मशान’ म्हणतात.

लहान केंद्रांना पट्ट्याचे वरचे टोक देण्यामागे काही विचार असतो. १६०२ किलोहर्ट्झला लहरीची लांबी सुमारे १८७ मीटर येते, म्हणजे पाव लांबीचा आकाशक ४७ मीटर उंचीचा मनोरा उभारून होतो. मुंबईच्या ५५८ किलोहर्ट्झला त्याच हिशेबाने १३४ मीटर उंची लागेल. शिवाय कंप्रता जितकी उच्च, तितकी जमिनीवरून सरपटणारी लहर लवकर क्षीण होते. म्हणून तीच कंप्रता थोड्या अंतरावर पुन्हा वापरता येते. या दोन्ही सोयी खऱ्या आहेत. दुसरी मात्र फक्त दिवसाची आहे, ही गोष्ट योजनेच्या कोष्टकात सहसा डोळ्यांत भरत नाही.

दोन केंद्रे एका कंप्रतेवर आली म्हणजे संचामध्ये काय घडते, ते आता पाहावयास हवे. मध्यम लहरींवरील प्रक्षेपण परमप्रसर-विरूपणाचे असते. वाहक लहरीची कंप्रता अचल ठेवून तिचा परमप्रसर, म्हणजे हेलकाव्याची उंची, आवाजाच्या चढउतारानुसार कमीअधिक केली जाते. संचातील शोधक त्या हेलकाव्यांच्या कडेची रेषा तेवढी टिपतो आणि तीच ध्वनिरूपाने कर्ण्यातून बाहेर येते. दोन वाहक लहरी एकत्र आल्यास त्यांची बेरीज होते. दोन्ही प्रक्षेपक १६०२ किलोहर्ट्झवर असले, तरी प्रत्यक्षात ते एखाद-दुसऱ्या हर्ट्झने मागेपुढे असतात. आंतरराष्ट्रीय नियमांनी १० हर्ट्झपर्यंतची चूक क्षम्य मानली आहे. एक प्रक्षेपक सेकंदाला १६,०२,००० आवर्तने करीत असेल आणि दुसरा १६,०२,००४, तर दोहोंच्या बेरजेचा परमप्रसर सेकंदास चार वेळा फुगतो व चार वेळा ओसरतो. ध्वनिशास्त्रात जे विस्पंद म्हणून परिचित आहेत, तेच हे. चार हर्ट्झचा ध्वनी कानास ऐकू येत नाही, परंतु हव्या असलेल्या केंद्राचे बोलणे चार वेळा दाबल्यासारखे व चार वेळा सोडल्यासारखे होते. तारेवर हात ठेवून सतार वाजवावी तसा तो परिणाम असतो. शिवाय दुसऱ्या केंद्राचा स्वतःचा कार्यक्रमही मागे ऐकू येतो, तो वेगळाच.

या ठिकाणी परमप्रसर-विरूपण व कंप्रता-विरूपण यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. कंप्रता-विरूपणाच्या, म्हणजे एफ. एम. पद्धतीच्या संचात प्रबळ लहर दुर्बल लहरीस जवळजवळ गिळून टाकते. दोहोंत थोडासाच फरक असला, तरी प्रबळ केंद्र स्वच्छ ऐकू येते. परमप्रसर-विरूपणात असे गिळणे घडत नाही. जितक्या प्रमाणात लहर आली, तितक्या प्रमाणात ती ऐकू येणारच. विमानांच्या दूरभाषणात आजही परमप्रसर-विरूपणच वापरले जाते, आणि त्याचे एक कारण हेच सांगितले जाते की, दोन वैमानिक एकाच वेळी बोलू लागले तर दुसऱ्याचा आवाज पूर्णपणे नाहीसा न होता निदान गडबड झाल्याचे तरी नियंत्रकास कळते. जो गुण विमानतळावर उपयोगी पडतो, तोच नभोवाणीच्या श्रोत्यास जाचक होतो. बाधा लक्षात येऊ नये यासाठी हवी असलेली लहर नको असलेल्या लहरीपेक्षा साधारणतः ३० डेसिबेल वर असावी, असा संकेत जिनीव्हा योजनेत धरलेला आहे. ३० डेसिबेल म्हणजे शक्तीच्या हिशेबाने एक हजार पट आणि क्षेत्रतीव्रतेच्या हिशेबाने सुमारे ३२ पट. ही अट किती कडक आहे, ते वैरागच्या आकड्यांवरून स्पष्ट होईल.

१ किलोवॅटच्या प्रक्षेपकास लहानसा उभा आकाशक जोडला, तर एक किलोमीटर अंतरावर क्षेत्रतीव्रता मीटरला सुमारे ३०० मिलिव्होल्ट येते. जमीन परिपूर्ण वाहक असती, तर ती अंतराच्या व्यस्त प्रमाणात कमी होऊन ४५ किलोमीटरवर ६.७ मिलिव्होल्ट राहिली असती. पण जमीन तशी नसते. भूतरंग मातीत काही मीटर खोलवर शिरतो आणि तेथे त्याची शक्ती उष्णतेच्या रूपाने खर्ची पडते. सोलापूर जिल्ह्याचा पुष्कळसा भाग बेसाल्ट खडकावर पसरलेल्या काळ्या व मध्यम मातीचा आहे. ओल धरलेली खोल काळी माती विजेची बरी वाहक, तर उघडा खडक व मुरूम वाईट वाहक. जमिनीची वाहकता मीटरला ०.०१ सीमेन्स, म्हणजे चांगली धरली, तर सोमरफेल्ट यांच्या सिद्धान्ताधारे वैरागची क्षेत्रतीव्रता सुमारे ०.७ मिलिव्होल्ट निघते, वाहकता ०.००३ धरल्यास ती सुमारे ०.२ मिलिव्होल्टवर उतरते. खेड्याच्या शांत वातावरणात अर्ध्या मिलिव्होल्टच्या आसपास समाधानकारक श्रवण होते, असे मानण्याचा प्रघात आहे. म्हणजे दिवसाही वैराग काठावरच आहे. पावसाळ्यात जमीन भिजल्यावर स्थिती थोडी सुधारावी आणि विहिरींवरील मोटारी व विजेच्या तारा यांच्या खरखरीने ती बिघडावी, इतकी ती नाजूक आहे. तथापि दिवसा श्रोत्याचे भांडण या खरखरीशी असते, दुसऱ्या केंद्राशी नसते. उदगमंडलम सुमारे ७०० किलोमीटर दूर आहे. १६०२ किलोहर्ट्झचा भूतरंग तेवढे अंतर मुळीच तोडू शकत नाही, आणि आकाशाकडे गेलेल्या लहरी ६० ते ९० किलोमीटर उंचीवरील ‘डी’ थरात शोषल्या जातात.

सूर्य मावळताच ‘डी’ थराची आयने व इलेक्ट्रॉन भराभर एकत्र होऊन तो थर विरून जातो. त्याच्या वरचा, सुमारे १०० किलोमीटर उंचीचा ‘ई’ थर मात्र शिल्लक राहतो आणि खालून आलेल्या मध्यम लहरी परत पृथ्वीकडे वळवितो. असा परावर्तक थर खरोखरच आहे, याचा प्रत्यक्ष पुरावा अ‍ॅपल्टन व बार्नेट यांनी १९२४ च्या डिसेंबरात बी. बी. सी.च्या बोर्नमथ येथील केंद्राकडून लहरी सोडवून व त्या ऑक्सफर्ड येथे ग्रहण करून मिळविला. भारतात या विषयाचा पाया कलकत्त्यास शिशिरकुमार मित्र यांनी घातला. आयनांबरावरील त्यांचा मोठा ग्रंथ १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. नभोवाणीची केंद्रे ही आयनांबराच्या अभ्यासाची पहिली साधने ठरली, आणि पुढे आयनांबराचे ज्ञान हेच नभोवाणीच्या वाटपाचे साधन झाले, हा योगायोग लक्षणीय आहे.

या आकाश-तरंगाची सरासरी तीव्रता अनुभवजन्य सूत्रांवरून काढता येते. १ किलोवॅटच्या केंद्रापासून ७०० किलोमीटरवर ती मध्यरात्रीच्या सुमारास ०.१ ते ०.१५ मिलिव्होल्ट येते. आकडा क्षुल्लक दिसतो. परंतु ३० डेसिबेलची अट पाळावयाची, तर सोलापूर केंद्राची लहर त्याच्या सुमारे ३२ पट, म्हणजे ३ ते ५ मिलिव्होल्ट असली पाहिजे. आणि १ किलोवॅटच्या केंद्राची लहर एवढी तीव्र राहते ती चांगल्या जमिनीवर सुमारे २० किलोमीटरपर्यंत, वाईट जमिनीवर १० किलोमीटरपर्यंतच. बार्शी रस्त्यावर वडाळ्याच्या अलीकडेच ही सीमा संपते. वैराग येथे दोन लहरींचे गुणोत्तर ३२ नव्हे, तर दीडपासून पाचपर्यंत कोठेतरी येते. म्हणजे मराठी बोलण्यामागे तमिळ बोलणे स्पष्ट ऐकू येईल, आणि आयनांबराच्या हालचालींमुळे ते क्षणात वर येईल, क्षणात मागे पडेल. हा हिशेब एकाच सहभागी केंद्राचा आहे. पट्टीवर जितके वाटेकरी अधिक, तितकी नको असलेल्या लहरींच्या वर्गांची बेरीज वाढत जाते. दिवसा सोलापूरच्या केंद्राभोवती ४५ किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले आणि रात्री २० किलोमीटर त्रिज्येचे, तर क्षेत्रफळ जवळजवळ एकपंचमांश उरते. शहर दोन्ही वर्तुळांत सुरक्षित राहते. गळतात ती मधल्या कड्यातील गावे.

या कड्यातील श्रोत्यास याहून विचित्र अनुभव येतो तो असा की, रात्री दूरची मोठी केंद्रे त्याच्या जवळ येतात. पुण्याचा ७९२ किलोहर्ट्झवरील प्रक्षेपक १०० किलोवॅटचा. वैरागपासून पुणे सुमारे २१० किलोमीटर. दिवसा पुण्याचा भूतरंग वैराग येथे पोहोचेपर्यंत इतका क्षीण होतो की, त्याची तीव्रता सोलापूरच्या एका किलोवॅटच्या तीव्रतेशी साधारण बरोबरीची ठरते. शंभरपट शक्ती अंतराने खाऊन टाकलेली असते. रात्री मात्र पुण्याचा आकाश-तरंग मीटरला काही मिलिव्होल्टपर्यंत चढतो; मुंबई व हैदराबाद, जी वैरागपासून दोन बाजूंस साधारण तीन-तीनशे किलोमीटरवर आहेत, तीही तशीच उठून येतात. आकाशवाणीची राष्ट्रीय प्रसारण सेवा १८ मे १९८८ रोजी सुरू झाली, ती हाच गुण हेरून. नागपूर येथील १००० किलोवॅटचा प्रक्षेपक १५६६ किलोहर्ट्झवर रात्रभर चालवावयाचा आणि आकाश-तरंगाने देश व्यापावयाचा, अशी ती कल्पना होती. २०१९ च्या आरंभी ती सेवा बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. १५६६ व १६०२ या दोन कंप्रतांत अंतर केवळ चार पट्ट्यांचे. संचाच्या तबकडीवर काटा किंचित फिरविला की, एका बाजूस ४९० किलोमीटरवरचे नागपूर खणखणीत आणि दुसऱ्या बाजूस ४५ किलोमीटरवरचे सोलापूर अडखळत, असे चित्र वैरागच्या रात्रीत संभवत होते.

सहभागी केंद्रांमधील तंटा मिटविण्याचे उपाय नभोवाणीच्या आरंभापासून शोधले गेले आहेत. सर्वांत साधा उपाय वेळेच्या वाटणीचा. अमेरिकेत १९२२ मध्ये मनोरंजनाच्या जवळजवळ सर्व केंद्रांना ३६० मीटर ही एकच लहर-लांबी दिलेली होती, आणि एकाच शहरातील केंद्रांनी आपापसांत तास वाटून घ्यावेत अशी अपेक्षा होती. टेक्सस राज्यातील डलास व फोर्ट वर्थ येथील दोन केंद्रांनी तर अशी वाटणी १९७० पर्यंत चालविली. एकाने माईक सोडून दुसऱ्याने घेण्याच्या वेळी फोर्ट वर्थचे केंद्र गाईच्या गळ्यातील घंटा वाजवीत असे. दुसरा उपाय सूर्यास्ताबरोबर शक्ती घटविण्याचा किंवा केंद्र बंदच करण्याचा. अमेरिकेत केवळ दिवसा चालणाऱ्या केंद्रांचा एक स्वतंत्र वर्गच होता. तिसरा, अनेक मनोरे उभारून सहभागी केंद्राच्या दिशेने लहर जाऊच न देण्याचा; एका किलोवॅटच्या केंद्रास हा खर्च झेपत नाही.

चौथा उपाय शास्त्रीयदृष्ट्या सर्वांत सुंदर आहे. दोन प्रक्षेपकांच्या वाहक कंप्रता अगदी तंतोतंत जुळविल्या आणि दोहोंवरून एकच कार्यक्रम सोडला, तर विस्पंद नाहीसे होतात आणि दुसऱ्या केंद्राची लहर बाधा न करता साह्यच करते. बी. बी. सी.चे मुख्य अभियंता पी. पी. एकर्स्ली यांनी १९२० नंतरच्या दशकात आपल्या लहान केंद्रांवर हा प्रयोग केला. १९३९ च्या सप्टेंबरात युद्ध पेटताच बी. बी. सी.ने आपला देशांतर्गत कार्यक्रम दोनच कंप्रतांवर आणून अनेक प्रक्षेपक असे समकालिक केले. उद्देश हा की, शत्रूच्या विमानांना एखाद्या केंद्राची दिशा धरून शहर गाठता येऊ नये. समकालिक केंद्रांसाठी ३० ऐवजी ८ डेसिबेलचे, म्हणजे क्षेत्रतीव्रतेच्या अडीच पटीचे अंतर पुरेसे मानले जाते. हा आकडा घेऊन हिशेब केला, तर चांगल्या जमिनीवर वैराग रात्रीही सोलापूरच्या कक्षेत परत येते. परंतु अट अशी की, कार्यक्रम एकच हवा. सोलापूरने मराठी आणि उदगमंडलमने तमिळ बोलावयाचे असेल, तर वाहक लहरी कितीही जुळविल्या तरी एकाचे बोलणे दुसऱ्यात मिसळणारच. स्थानिक केंद्र स्थानिक राहावे यासाठीच ते काढलेले असते. समकालिकतेचा उपाय त्या हेतूवरच घाव घालतो. अल्पशक्तीच्या पट्ट्यांवर तो वापरला जात नाही, याचे कारण तांत्रिक असमर्थता नव्हे.

या विवेचनात प्रत्यक्ष नुकसान कशाचे, हे ग्रामीण कार्यक्रमांच्या वेळा पाहिल्या म्हणजे उमगते. शेतकऱ्यांसाठी केलेले प्रक्षेपण हे नेहमी सायंकाळचे असते, कारण दिवसा तो शेतात असतो. १९५६ च्या पूर्वार्धात आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून युनेस्कोच्या साह्याने शेती-श्रवणमंडळांचा जो प्रयोग झाला, त्यात १५० खेड्यांतील मंडळे दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा सायंकाळी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत व त्यावर चर्चा करीत. श्रवणानंतर त्या गावांतील लोकांच्या माहितीत निश्चित भर पडल्याचे त्याच्या अहवालात नोंदले गेले, आणि पुढे देशभर अशी मंडळे काढण्यात आली. त्या प्रयोगाचा सगळा भर ऐकलेले प्रत्येक वाक्य नीट समजण्यावर होता. सोलापूरच्या रेखांशावर डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जूनमध्ये सातच्या सुमारास. म्हणजे संध्याकाळी साडेसहाचा एकच कार्यक्रम मृगाच्या दिवसांत उजेडी लहरींवर आणि ज्वारी हुरड्यात येण्याच्या दिवसांत अंधारी लहरींवर ऐकला जातो. बाजारभाव किंवा हवामानाचा इशारा यांत एक आकडा हुकला, तर ऐकलेले सर्वच निरुपयोगी होते. संगीतासारखे ते अर्धवट ऐकून भागत नाही. केंद्राच्या कक्षेत किती लोकसंख्या येते, याचे कोष्टक दिवसाच्या वर्तुळावरून केले, तर हे नुकसान त्यात उमटत नाही. आणि रात्रीच्या वर्तुळावरून केले, तरी शहराची दाट वस्ती आत असल्याने टक्केवारी फारशी घसरत नाही. कोष्टकाचे समाधान होते ते अशा रीतीने. वस्तुतः तालुक्याच्या गावांना स्वतंत्र रकाना देणे हाच त्यावरचा खरा उपाय होता.

श्रोत्याच्या हाती स्वतःपुरता एक उपाय असतो. ट्रान्झिस्टर संचात फेराइटची कांडी हाच आकाशक असतो, आणि कांडीच्या अक्षाच्या दिशेने येणारी लहर तिला जवळजवळ घेता येत नाही. संच हळूहळू फिरवून नको असलेल्या केंद्राकडे कांडीचे टोक केले की, ते केंद्र दबते. आकाश-तरंग वरून तिरपा येत असल्याने व त्याचे ध्रुवण बदलत असल्याने हे दबणे पुरते होत नाही, तरी उपयोग बराच होतो. मंगळवेढ्याच्या श्रोत्यास हा उपाय चांगला लागू पडतो : त्याच्या दृष्टीने सोलापूर पूर्वेस थोडे उत्तरेकडे कललेले, तर उदगमंडलम जवळजवळ दक्षिणेस. वैरागची गोष्ट निराळी. तेथून सोलापूर दक्षिणेपासून सुमारे १५ अंश पूर्वेकडे आणि उदगमंडलम त्याच बाजूस सुमारे ७ अंशांवर. दोहोंत अंतर अवघे आठ-नऊ अंशांचे. कांडी फिरवून एक दाबले की दुसरेही दबते. सोलापूरपासून जवळजवळ सारख्याच अंतरावरील दोन गावांचे भाग्य असे केवळ दिशेमुळे वेगळे होते, आणि कोणत्याही वर्तुळाच्या नकाशात ते दिसत नाही.

अलीकडच्या काळात आकाशवाणीने देशातील अनेक ठिकाणचे अल्पशक्तीचे मध्यम-लहरी प्रक्षेपक बंद करून एफ. एम.चा मार्ग धरला आहे. या लहरी आयनांबरातून परत फिरत नाहीत, म्हणून त्यांची सीमा दिवसा व रात्री सारखीच राहते, आणि प्रबळ लहरीने दुर्बलीस गिळण्याचा वर सांगितलेला गुण येथे श्रोत्याच्या बाजूने काम करतो. तीच कंप्रता दोन-तीन जिल्हे ओलांडून निर्धास्तपणे पुन्हा देता येते. बंधन येते ते क्षितिजाचे. मनोरा १०० मीटरचा आणि श्रोत्याचा आकाशक ३ मीटर उंचीवर धरला, तर सपाट भूमीवर लहरींचे क्षितिज सुमारे ४८ किलोमीटर निघते. वैराग ४५ वर आहे, आणि मधली भूमी सपाट नाही.